वरून कापलेला उजेड

बाळगोंडा अण्णा माझ्या सायकलच्या दिव्यामुळे कालव्यात पडले.

वाक्य वाचून झालं असेल तर विसरा. अण्णा कालव्यात पडलेले नाहीत. साखर कारखान्याच्या दवाखान्यातल्या रजिस्टरमध्ये त्या तारखेला स्पष्ट नोंद आहे : ‘घरी न्हाणीत पाय घसरून उजव्या कोपरास खरचटले.’ अक्षर माझंच आहे. तेव्हा आपण न्हाणी धरून चालू. न्हाणीत मांडीभर गाळ, शेवाळ आणि एक खेकडा कसा काय आला, हे मला त्या वेळी कुणी विचारलं नाही. आता आठ वर्षांनी तुम्हीही विचारू नका.

“ए! बंद कर! दिवा बंद कर आधी!”

डिसेंबरचा पहिला आठवडा होता आणि संध्याकाळचे सव्वासात. मी दवाखाना बंद करून कालव्याच्या रस्त्याने घरी चाललो होतो. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला उभा ऊस, आणि मधोमध छोट्या पुलासारखी एक मोरी, जिचा कठडा मंजूर झाल्याचं मी लहानपणापासून ऐकत होतो. मोरीच्या पलीकडे बाळगोंडा अण्णा सायकल धरून उभे होते. डोळ्यांवर आडवा हात.

मी दिवा विझवला. आता दोघांनाही काही दिसेना.

“कोण हैस?”

“मी सन्मती, अण्णा. मगदुमांचा.”

“दवाखान्यातला?”

“हो.”

“मग बरोबर हाय,” अण्णा म्हणाले. “डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय न्हवं? वाटेत गाठून डोळ्यांत बॅटरी मार म्हणून?”

“नाही हो अण्णा. घरी चाललोय.”

“घरी चाललेला माणूस समोरच्याचं डोळं फोडत जात न्हाई. दोन दिवसांत हा दिवा बदल. न्हाईतर टाइम ऑफिसात लेखी देतो.”

मी हंगामी होतो. दवाखान्यात पट्ट्या कापणे, गोळ्या मोजणे आणि खुर्च्या आत-बाहेर करणे ही माझी कामं. हंगामी माणसाविरुद्ध एक कागद टाइम ऑफिसात गेला, की पुढच्या हंगामात त्याला बोलावणं येत नसे. त्यामुळे मी घाबरलो. शिवाय मला संशयही आला.

अण्णा बावीस वर्षं कारखान्याच्या क्रेनवर होते. बैलगाडीतली उसाची अख्खी मोळी साखळीने उचलायची आणि गव्हाणीत, म्हणजे ऊस जिथून आत जातो त्या हौदासारख्या जागेत, अलगद सोडायची. आमच्या कारखान्याची एक रीत आहे. हंगामाची पहिली मोळी चेअरमन टाकतात. शेवटची मोळी त्या वर्षी निवृत्त होणारा क्रेनवाला टाकतो, आणि मग त्याला हार घालून, हलगी लावून खाली उतरवतात. त्या वर्षीची शेवटची मोळी अण्णांची होती. मधे फक्त एक अडचण होती : दोन जानेवारीची डोळेतपासणी. क्रेनवाले आणि ड्रायव्हर यांची ती दर वर्षी व्हायची. नापास झालेला माणूस त्याच दिवशी खाली. हार नाही, हलगी नाही. आणि त्या तपासणीत तक्त्यावरच्या अक्षरांना काठी लावून दाखवायचं काम माझं होतं.

म्हणजे अण्णांना माझा संशय का यावा, हे मला समजत होतं. मला त्यांचा संशय येण्याचं कारण वेगळं होतं. ते संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायचे, आमच्या जैनांतली सगळीच जुनी माणसं तशी जेवतात, आणि सहाला घर सोडायचे. त्यांची पाळी साडेआठची. सायकलने कारखाना वीस मिनिटं. मग सव्वासातला हा माणूस निम्म्या वाटेतच कसा? आणि मी येताना दिसलो की दर वेळी मोरीपलीकडे सायकल धरून उसाकडे तोंड करून कशाला उभा राहतो?

मी आईला विचारलं.

“लघवीला थांबत असतील,” आई म्हणाली.

“रोज त्याच जागी?”

“माणूस नेमाचा असतोय एखादा.”

“सव्वा तास?”

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढेमागे पोलिसात जाईन अशी तिला भीती वाटली असावी.

आता माझ्या दिव्याविषयी. तो गोल, जाडजूड आणि डब्यावर भलामोठा आकडा छापलेला असा दिवा होता. मी आकडा बघून घेतला होता. त्याचा उजेड रस्त्यावर किती पडायचा ते सोडा, पण मोरीजवळच्या बाभळीवर झोपलेले बगळे सकाळ झाली असं समजून उडून जायचे. एकदा तर ते गेले आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

मी दिव्याच्या वरच्या अर्ध्या काचेवर काळी चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, “आज एकच डोळा फोडलास. सुधारणा हाय.”

मग दिवा खाली वाकवला. त्यामुळे मला माझं पुढचं चाक इतकं स्वच्छ दिसायला लागलं की त्यावरचा जुना पंक्चरचा डाग मी पहिल्यांदा पाहिला. बाकी काही दिसेना. कालव्याच्या रस्त्यावर झोपलेल्या म्हशीला ते आवडलं नाही. मलाही लागलं.

त्या रविवारी मी सांगलीला शिकलगार चाचांच्या दुकानात गेलो.

“चाचा, भारी उजेडाचा दिवा पाहिजे. पण समोरच्याच्या डोळ्यांत जायला नको.”

चाचा एका चाकाचे आरे ओढत बसले होते. ते थांबले. “पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हणालो.

“म्हणजे तुला सगळं दिसलं पाहिजे, पण समोरच्याला त्रास नको.”

“हो.”

“माझ्या दुकानाला चाळीस वर्षं झाली. लोक म्हणतात, उजेड असा पाहिजे की समोरचा ट्रकवाला कडेला गेला पाहिजे. समोरच्याची काळजी करणारा तू पहिला. खरं सांग, काय भानगड आहे? बाई आहे का?”

“क्रेनवाले अण्णा आहेत.”

“मग नक्कीच भानगड आहे,” चाचा म्हणाले, आणि त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत अंधार केला. मला जरा संशय आला, पण ते फक्त दिवे दाखवणार होते.

त्यांनी माझी सायकल भिंतीपासून आठ-दहा पावलांवर उभी केली. जमिनीपासून माझ्या दिव्याची उंची दोरीने मोजली आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारली. मग माझा दिवा लावला. भिंतीवर एक भलंमोठं गोल उमटलं. निम्मं रेघेच्या खाली, निम्मं वर. वरचं निम्मं पार छतापर्यंत.

“हे वरचं कुणासाठी?” चाचांनी विचारलं.

“माझ्यासाठी.”

“तू छतावरून सायकल चालवतोस?”

मी छताकडे पाहिलं.

“हे वरचं सगळं समोरच्याच्या डोळ्यांत जातं. आकडा मोठा म्हणजे डोळ्यांत जाणारं पण मोठं. बॅटरीला गोल उजेड ठीक आहे, ती हातात असते. चोर कुठे आहे माहीत नसतं, तो वर पण असू शकतो. रस्ता वर नसतो.”

मग त्यांनी एक चौकोनी दिवा काढला. दिसायला साधा, माझ्या दिव्यापुढे गरीब. तो लावला. भिंतीवर उजेडाचा एक रुंद पट्टा पडला, आणि त्याची वरची कड सुरीने कापावी तशी सरळ होती. चाचांनी दिवा थोडा खाली केला. कड खडूच्या रेघेच्या चार बोटं खाली येऊन थांबली. रेघेच्या वर अंधार, खाली दिवस.

“आत आरसा असा बसवलाय, की वर जाणारा उजेड पण वळून रस्त्यावर पडतो. समोरून येणारा माणूस तुझा दिवा बघेल, पण डोळे मिटणार नाही. आणि त्याच्या पायाखालचा रस्ता त्याला फुकटात दिसेल.”

“लुकलुकायचं बटण नाही याला?”

“लुकलुकणारा दिवा लग्नात,” चाचा म्हणाले. “समोरच्याला तू किती लांब आहेस ते कळत नाही त्यानं. कसून बसव. खड्ड्यात मान वर करायला लागला तर सगळं शिकवलेलं पाण्यात.”

पाण्यात हा शब्द त्यांनी का वापरला माहीत नाही. मी त्यांच्यावर अजूनही थोडा संशय धरून आहे.

सोमवारी सव्वासातला मी मोरीकडे आलो. नवा दिवा असा काही रस्ता उजळत होता, की खडे मोजावेत. बगळे झोपलेले होते. पलीकडे अण्णा होते.

आज ते उसाकडे तोंड करून उभे नव्हते. डोळ्यांवर हात नव्हता. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. माझ्या उजेडाचा पट्टा त्यांच्या पायांपर्यंत गेला होता.

“आता बरं हाय का अण्णा?” मी लांबूनच ओरडलो.

“लई ब्येस!” अण्णांचा आवाज मी इतका खूश कधी ऐकला नव्हता. “लख्ख दिसतंय की रं सगळं!”

आणि ते सायकलवर बसले. मी त्यांना रोज बघत होतो, पण त्या रस्त्यावर सायकलवर बसलेले पहिल्यांदाच बघत होतो. ऐटीत पायडल मारत ते मोरीवर आले. मीही मोरीवर आलो. आम्ही एकमेकांना ओलांडलं. मी घंटी वाजवली, त्यांनी मान हलवली.

त्यानंतर मागे एक आवाज झाला. मोठा नव्हता. कुणीतरी भिजवलेलं घोंगडं दगडावर टाकावं तसा.

मी वळलो. मोरीवर कुणीही नव्हतं.

कालवा उतरलेला होता म्हणून बरं. पाणी मांडीपर्यंतच. मी उतरलो तेव्हा अण्णा गाळात बसले होते आणि सायकलचं हँडल त्यांनी सोडलेलं नव्हतं. जणू फक्त रस्ता खाली गेला होता, बाकी प्रवास चालूच होता.

“दिवा का विझवलास?” ते म्हणाले.

“विझवला नाही अण्णा. मी पुढे गेलो.”

त्यांच्या सदऱ्यावरून एक खेकडा चालला होता, तो मी काढला. काठावर आणून बसवलं, तेव्हा त्यांनी हात पुढे करून माझा खांदा शोधला. मी हातभर अंतरावर होतो. खांदा पहिल्या खेपेला सापडला नाही.

तेव्हा मला कळलं, की सहाला निघालेला माणूस सव्वासातला निम्म्या वाटेत कसा असतो. एका हातात सायकल धरून आणि दुसऱ्या हाताने उसाची पानं चाचपत रोज अडीच किलोमीटर चाललं, तर तो बरोबर सव्वासातला तिथे असतो. आणि सव्वासातला एक शहाणा समोरून येऊन त्याच्या डोळ्यांत सूर्य ओततो.

“कधीपासून?” मी विचारलं.

“मी पडलो न्हाई,” अण्णा म्हणाले.

“बरं.”

“तू काय बघितलं न्हाईस.”

“बरं.”

“न्हाणीत घसरलो.”

“बरं अण्णा. पण क्रेनवर?”

“यार्डात दिवसासारखा उजेड असतोय.” ते सदरा पिळत होते. “आणि खाली यशवंता हाय. साखळी लागली की शिट्टी मारतोय. शिट्टी झाली की उचलायचं, दुसरी झाली की सोडायचं. बावीस वर्षं झाली. डोळं लागतात कशाला?”

“आणि तपासणी?”

अण्णा पहिल्यांदा हसले. “व. ग ठ. न द म. र प ल क.”

तो आमचा तक्ता होता. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. बावीस वर्षांत तो बदललेला नव्हता. सगळ्या क्रेनखात्याला तो पाठ होता. जुना माणूस नव्याला कँटीनमध्ये चहासोबत शिकवायचा. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी काठी उचलायच्या आधीच एक ड्रायव्हर तिसऱ्या ओळीपर्यंत पोचला होता. मी ही गोष्ट किती जणांना हसत हसत सांगितली असेल! सांगायला पाहिजे होती त्या डॉक्टरीणबाईंना तेवढी सांगितली नाही.

मी त्यांना कारखान्याच्या फाटकापर्यंत सोडलं. कोपराला पट्टी बांधली. रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते तुम्हाला माहीत आहे.

एकतीस तारखेला यशवंता दवाखान्यात आला. तोच शिट्टीवाला. खोकला होता.

“लवकर बरं करा,” तो म्हणाला. “काम होईना झालंय.”

“खोकताना शिट्टी कशी मारतोस?”

“तीच तर गंमत हाय. तोंडात शिट्टी असते, खोकला आला की ती वाजते. परवा अशीच वाजली आणि अण्णांनी मोळी उचलली की वर! साखळी अजून नीट आवळायची होती. बीडकडची एक बाई हात घालून होती आत.”

“मग?”

“काढला की हात. चपळ हाय बाई. दोन बोटं सोलली, हळद लावली तिनं.” यशवंता हसला, हसता हसता खोकला. मी त्याच्या गोळ्या मोजत होतो, त्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

दोन जानेवारी. तपासणीसाठी माणूस तक्त्यापासून वीस फुटांवर बसवावा लागतो आणि आमची खोली बारा फुटांची. म्हणून माणूस बाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसायचा आणि दारातून आत बघायचा. डॉक्टर उपाध्येबाई टेबलाशी दाराकडे पाठ करून फॉर्म भरायच्या. फॉर्म खूप असायचे.

सातवे अण्णा होते. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी. त्यांनी मला ओळख दिली नाही. मीही त्यांना दिली नाही. आम्ही दोघं इतके अनोळखी वागलो, की कुणालाही संशय आला असता.

“सुरू करा,” बाई म्हणाल्या.

मी वरच्या मोठ्या अक्षराला काठी लावली.

“व,” अण्णा म्हणाले.

मग माझा हात डावीकडे गेला. ठरवून गेला का, हे मला आजही सांगता येणार नाही. तक्त्याच्या शेजारी खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. मी काठी त्यावरच्या बैलावर ठेवली.

“ग,” अण्णा म्हणाले. मोठ्याने, ठणठणीत.

मी काठी पंख्याच्या बटणावर नेली.

“ठ.”

खुंटीवर बाईंची पिशवी होती. तिला अण्णा न म्हणाले. कोपऱ्यातल्या छत्रीला द. मग मी काठी खाली घेतली, पाठीमागे लपवली आणि नुसता उभा राहिलो.

“म,” अण्णा म्हणाले. “र, प, ल, क.”

“सगळं बरोबर?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

व्हरांड्यात अण्णा ताठ बसले होते. चेहऱ्यावर पहिल्या नंबराने आलेल्या मुलाची शांती.

“बरोबर,” मी म्हणालो.

बाईंनी सही केली. मी पुढच्या माणसाला पाच मिनिटं थांबायला सांगून बाहेर आलो. अण्णा नळाजवळच्या कट्ट्यावर बसले होते.

“शहाणा हैस,” ते म्हणाले. “मला वाटलं हुतं, ऐनवेळी काय तरी करतोस.”

“केलं अण्णा. द म्हणजे छत्री होती.”

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली.

“ठ?”

“पंख्याचं बटण.”

“आणि ग?”

“बैल.”

अण्णांनी टोपी सारखी केली. “एक तरी अक्षर हुतं का?”

“पहिलं.”

“त्ये तर मोठंच असतंय,” अण्णा म्हणाले. “मग बरोबर का म्हणालास?”

“मला धीर झाला नाही. पण अण्णा, यशवंताला खोकला आहे. चार दिवसांमागे जी ऐकून तुम्ही मोळी उचललीत, ती शिट्टी नव्हती, खोकला होता.”

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा हात कट्ट्यावर होता, तो त्यांनी हळूहळू मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला. कुणाच्या हाताचं मी त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं.

“खाली कोण हुतं?”

“बीडकडची एक बाई. हात वाचला. दोन बोटं सोलली.”

“नाव?”

“माहीत नाही.”

“बावीस वर्षं,” अण्णा म्हणाले. यार्डात दिवसपाळीच्या क्रेनची शिट्टी झाली तेव्हा ते दचकले.

“कागद हाय का तुझ्याकडं?”

मी आतून तपासणीचाच एक कोरा फॉर्म आणला आणि उलटा केला. ते सांगत गेले, मी ऑफिसच्या भाषेत करत गेलो.

“कारण लिहावं लागतं अण्णा.”

“न्हाणीचं लिही.”

“न्हाणीमुळे क्रेन सुटत नाही. आणि डोळ्यांचं लिहिलं तर विचारतील, सकाळी पास कसे झालात. मग मीही जातो, तुमच्याबरोबर सगळं क्रेनखातं जातं.”

“मग कारण नको.”

“कारणाशिवाय अर्ज घेत नाहीत.”

“घेऊ देत न्हाईतर न्हाई. आज रात्री मी वर चढत न्हाई, एवढं खरं.”

“शेवटच्या मोळीचं लिहू का? तेवढी तरी तुमच्या हातानं?”

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “त्ये नको लिहूस,” ते म्हणाले. “खाली कुणीतरी असणारच की.”

मी पेन त्यांच्या बोटांत दिलं आणि बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं. सही सरळ आली. ती पण पाठच होती. तो अर्ज असा :

‘मा. कार्यकारी संचालक साहेब यांच्या सेवेशी. अर्जदार बाळगोंडा पाटील, क्रेन विभाग, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मला आजच्या पाळीपासून क्रेनवरून उतरवून, जिथे माझ्या हाताखाली कोणीही माणूस उभा नसेल असे जमिनीवरचे काम देण्यात यावे. पगार व हुद्दा हंगाम संपेपर्यंत आहे तोच ठेवण्यात यावा. यार्डात साखळी लावणाऱ्या, दोन बोटांना हळद लावलेल्या बाईंचे नाव कारखान्याच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये असल्यास ते शोधून अर्जदारास तोंडी कळवण्यात यावे. आणि सदर अर्जाचे कारण अर्जदारास, त्याच्या घरी, अथवा अर्ज लिहिणाऱ्यास कोणीही, केव्हाही, कोणत्याही प्रकारे विचारू नये, ही नम्र विनंती.’